खोक्याला कागद किती लागेल? पृष्ठफळ, घेर आणि कापायचं माप

खोक्याचं पृष्ठफळ काढलं आणि बरोबर तेवढ्याच क्षेत्रफळाचा कागद कापला, तर तो हमखास कमी पडतो. यात गणित चुकलेलं नसतं. पृष्ठफळ म्हणजे दिसणाऱ्या सहा बाजूंची बेरीज. पण कागद गुंडाळताना टोकांशी दुमडावा लागतो, त्यातला काही भाग घडीच्या आत जातो आणि तो त्या बेरजेत कुठेच नसतो. शिवाय जोडावर पदर चढवायला जास्तीचा कागद हवा असतो. घडीत जाणारा कागद नेमका किती, तेही सूत्रात मांडता येतं आणि ते सूत्र गमतीदार आहे. आधी मोजणी.

माप घेताना

खोका बंद करून, झाकण लावून, बाहेरून मोजा. खोक्यावर छापलेली मापं बरेचदा आतली असतात, त्यांवर जाऊ नका. पुठ्ठ्याचा खोका भरला की पोटाशी फुगतो. कडेला २० सेमी भरणारी बाजू मधोमध २०.५ भरते, आणि कागदाला जायचं असतं त्या फुगवट्यावरूनच. म्हणून माप मधोमध घ्यायचं.

तिन्ही मापांपैकी सगळ्यात लहान माप म्हणजे उंची, असं इथे धरून चालू, मग खोका प्रत्यक्षात उभा ठेवायचा असो की आडवा. सगळ्यात मोठं माप लांबी, उरलेलं ते रुंदी. ही नावं नुसती सोयीची नाहीत. पुढच्या सूत्रांत ‘उंची’च्या जागी भलतंच माप घातलं तर कागद खरोखर जास्त लागतो.

एक इशारा आताच. घेर म्हणजे खोक्याभोवती कागदाचा एक पूर्ण फेरा. त्यात रुंदी दोनदा येते आणि उंचीही दोनदा. दोन्ही मापं अर्ध्या सेंटिमीटरने कमी घेतली की घेर २ सेमीने कमी येतो. जोडासाठी ठेवलेला बहुतेक पदर तिथेच संपतो. खात्री करायची तर दोरा किंवा कागदाची अरुंद पट्टी खोक्याभोवती गुंडाळा, जिथे टोक भिडेल तिथे खूण करा आणि ती पट्टी सरळ करून मोजा. बेरजेतून आलेला घेर आणि पट्टीवरचा घेर यांत फरक निघाला तर पट्टीचं माप खरं.

पृष्ठफळ

समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात, त्यामुळे सहाऐवजी तीनच गुणाकार करायचे, त्यांची बेरीज करायची आणि ती दुप्पट करायची:

पृष्ठफळ = २ × (लांबी × रुंदी + लांबी × उंची + रुंदी × उंची)

३० × २० × १० सेमीचा खोका घेऊ. गुणाकार येतात ६००, ३०० आणि २००. बेरीज ११००, दुप्पट २२०० चौसेमी. ताळा करायचा असेल तर वेगळ्या वाटेने करा. घेर ६०, त्याला लांबी ३० ने गुणलं की चार बाजूंचे १८०० आले. दोन टोकांचे २०० आणि २०० मिळवले की पुन्हा २२००.

इथे दोन चुका नेहमीच्या. एक, शेवटी दुप्पट करायचं राहून जातं. दुसरी, तिन्ही मापं एकमेकांत गुणली जातात. ३० × २० × १० = ६००० हे घनफळ झालं; खोक्यात काय मावेल ते त्यावरून कळेल, कागदाचा त्याच्याशी संबंध नाही. चौरस मीटरमध्ये नेतानाही लोक १०० ने भागून मोकळे होतात. १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौसेमी, म्हणजे आपला खोका ०.२२ चौरस मीटरचा. इंचातली मापं असतील तर गुणाकाराआधीच प्रत्येक माप २.५४ ने गुणून सेंटिमीटरमध्ये आणा. चौरस इंचांना २.५४ ने गुणून चालत नाही, तिथे ६.४५ लागतात.

कापायचं माप

आता कात्रीचं काम. कागद खोक्याभोवती एक फेरा घेतो आणि दोन्ही टोकांशी दुमडतो. त्यामुळे कागदाची एक बाजू घेरावरून ठरते, दुसरी लांबीवरून:

एक बाजू = २ × (रुंदी + उंची) + ३ सेमी
दुसरी बाजू = लांबी + उंची + ४ सेमी

पहिल्यातल्या ३ सेमीपैकी १ सेमी कागदाची कापलेली कड आत दुमडायला आणि २ सेमी पदर चढायला. दुसरीकडे प्रत्येक टोकाशी अर्धी उंची अधिक २ सेमी एवढा कागद बाहेर राहतो. दोन्ही टोकं मिळून ते उंची + ४ होतं.

टोकाशी पाऊण उंचीएवढा कागद सोडा, असंही सांगितलं जातं. उंची ८ सेमी असेल तर दोन्ही नियम ६ सेमीवरच येतात. पण ३ सेमी उंचीच्या चपट्या खोक्याला पाऊण उंची म्हणजे जेमतेम सव्वादोन सेमी, मग चिकटपट्टी लावायला पदरच उरत नाही. आणि २० सेमी उंचीला तोच नियम १५ सेमी सोडायला लावतो, जिथे १२ पुरतात. जास्तीचे ३ सेमी नुसते वाया जात नाहीत, टोकाशी घड्यांचा गठ्ठा होतो आणि तो फुगून उचकटतो. अर्धी उंची अधिक २ हेच धरावं.

आपल्या खोक्याला एक बाजू ६० + ३ = ६३, दुसरी ३० + १० + ४ = ४४. ६३ × ४४ म्हणजे २७७२ चौसेमी. पृष्ठफळापेक्षा ५७२ जास्त, साधारण २६ टक्के.

यातला पदराचा भाग बाजूला ठेवला, म्हणजे ३ आणि ४ सेमी काढून टाकले, तर उरतो ६० × ४० = २४०० चौसेमी. पृष्ठफळाहून बरोबर २०० जास्त. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. २ × (रुंदी + उंची) × (लांबी + उंची) हा गुणाकार सोडवून बघा: पृष्ठफळ अधिक २ × उंचीचा वर्ग. म्हणजे टोकांच्या घड्यांत जाणारा कागद फक्त उंचीवर अवलंबून असतो, लांबी-रुंदीशी त्याला देणंघेणं नाही. उंची १०, वर्ग १००, दुप्पट २००.

सगळ्यात लहान मापाला उंची म्हणायचं कारण हेच. हाच खोका उभा धरून, १०० सेमीच्या मोठ्या घेराभोवती कागद फिरवला, तर टोकाच्या बाजू ३० × २० च्या होतात, दुमड २० ची करावी लागते आणि घडीत ८०० चौसेमी जातात. चौपट. उलट घेर लांबीच्या दिशेने घेतला की रुंदीच्या, याने पदर सोडून लागणाऱ्या कागदात काहीच फरक पडत नाही. ६० × ४० आणि ८० × ३० दोन्ही २४००च. कागद हातात कोणत्या आकाराचा आहे, एवढंच बघून दिशा निवडायची.

सर्व बाजू सारख्या असलेल्या घनाकृती खोक्याला यात सगळ्यात जास्त फटका बसतो. पृष्ठफळ बाजूच्या वर्गाच्या सहापट, पण लागणारा कागद आठपट. एक तृतीयांश जास्त, तोही पदर धरायच्या आधी. ३० × २० × २ च्या चपट्या खोक्यात मात्र घडीत जातात अवघे ८ चौसेमी. तिथे पृष्ठफळ आणि कागद जवळजवळ सारखेच, जो काही जास्त लागतो तो पदरापुरता.

एका रोलमधून किती खोके?

पृष्ठफळावर विसंबल्याचा सगळ्यात महाग परिणाम इथे होतो. समजा रोल ७० सेमी रुंद आणि २ मीटर लांब आहे, म्हणजे १४,००० चौसेमी. पृष्ठफळाने भागलं (१४,००० ÷ २२००) तर वाटतं सहा खोके होतील. कापायच्या क्षेत्रफळाने भागलं (१४,००० ÷ २७७२) तर पाच. प्रत्यक्षात होतात चार. ६३ ची बाजू रोलच्या रुंदीत बसवली की प्रत्येक तुकडा ४४ सेमी लांबी खातो. चार तुकड्यांचे १७६ झाले, उरलेल्या २४ सेमीतून पाचवा निघत नाही. कडेने ७ सेमीची लांब पट्टी उरते तीही खोक्याच्या कामाची नाही.

म्हणून रोलचा हिशेब क्षेत्रफळाने करायचाच नाही. रोलच्या रुंदीत तुकड्याची कोणती बाजू बसते ते आधी बघायचं, मग लांबीत असे किती तुकडे जातात ते मोजायचं, आणि भागाकारातला अपूर्णांक सोडून द्यायचा. दोन्ही दिशांनी करून बघा. याच खोक्याला दुसऱ्या दिशेने गुंडाळलं तर तुकडा ८३ × ३४ चा होतो. ३४ ची बाजू ७० सेमीत दोनदा बसते. २ मीटरच्या रोलमधून तरीही चारच निघतात, पण रोल अडीच मीटरचा असेल तर पहिल्या पद्धतीने पाच आणि या पद्धतीने सहा. ८३ × ३ = २४९, म्हणजे हाताशी १ सेमी राहतो. काप वाकडा गेला तर तोही नाही, तेव्हा पहिल्या कापाआधी रोलचं टोक काटकोनात आहे ना ते तपासा.

दोन खोके एकत्र बांधायचे असतील तर

१० सेमी उंचीचे तेच दोन खोके एकावर एक ठेवले की ३० × २० × २० होतात, पृष्ठफळ ३२०० चौसेमी. शेजारी शेजारी, लांब बाजू लांब बाजूला लावून ठेवले तर ४० × ३० × १०, पृष्ठफळ ३८००. पृष्ठफळ बघणारा एकावर एक ठेवेल आणि ६०० चौसेमी वाचवल्याच्या आनंदात राहील.

कापायचं माप काढा. पहिल्यात घेर ८० + ३ = ८३, लांबी ३० + २० + ४ = ५४. दुसऱ्यात घेर ८० + ३ = ८३, लांबी ४० + १० + ४ = ५४. कागद एकच! एकावर एक ठेवून पृष्ठफळात जे वाचलं, ते वाढलेल्या उंचीने घडीत घालवलं. मग शेजारी ठेवलेलेच बरे, टोकाच्या घड्या चपट्या आणि सुबक बसतात. वेगवेगळे बांधले तर दोन्ही मिळून ५५४४ चौसेमी जातात, एकत्र बांधले तर ४४८२.

टोक दुमडताना

माप बरोबर असूनही काम बिघडतं ते इथे. कागद उलटा पसरा, खोका वरची बाजू खाली करून मधोमध ठेवा. दोन्ही टोकांना बाहेर राहिलेला कागद सारखा आहे ना ते फूटपट्टीने बघा. एकीकडे ७ आणि दुसरीकडे ५ असेल तर आत्ताच सरकवा, जोड चिकटल्यावर काही करता येत नाही. जोड खोक्याच्या पाठीच्या मधोमध न आणता खालच्या कडेवर आणला तर दिसत नाही आणि पदरही कडेच्या आधाराने घट्ट बसतो.

टोकाशी आधी डावी-उजवी अरुंद बाजू आत दाबायची, बोट खोक्याच्या उभ्या कडेवरून वरून खाली फिरवत. असं केलं की वर आणि खाली तिरप्या कडांच्या दोन जिभा तयार होतात. त्यांच्या तिरप्या कडा कोपऱ्यातूनच निघायला हव्यात. कोपऱ्यापासून अर्धा सेमी जरी सरकून निघाल्या तर कागद तिथे ढिला पडला आहे. घडी उघडून पुन्हा ओढून घ्या. वरची जीभ खाली, मग खालची जीभ वर, तिची कड १ सेमी आत दुमडून. चमकी कागद कोपऱ्यावर नखाने दाबू नका, तिथेच फाटतो. बोटाच्या पेराने दाबा.

रेघांचा किंवा ठरावीक अंतराने येणाऱ्या नक्षीचा कागद असेल तर जोडाशी नक्षी जुळवण्यासाठी पदर कमी-जास्त करून उपयोग होत नाही. घेर जेवढा आहे तेवढाच राहणार, त्यामुळे पदर कितीही घ्या, नक्षीचं अंतर तसंच चुकतं. नक्षी दर ७ सेमीला येत असेल आणि घेर ६० असेल, तर पुढची जुळणी ६३ वर आहे. मधले ३ सेमी एका चुणीत घालवावे लागतात. खालच्या दुसऱ्या कडेवर दीड सेमी खोल चूण घातली की ३ सेमी जिरतात. कापताना हे ३ सेमी घेरात आधीच धरलेले हवेत. सरळ-उलट असलेल्या चित्रांच्या कागदाला मात्र दिशा निवडायची मोकळीक नसते, तिथे रोलचा हिशेब एकाच दिशेने करा.

चौरस कागद तिरका ठेवून

खोक्याचा तळ चौरस असेल आणि हाताशी चौरस कागद असेल तर खोका कर्णाच्या दिशेने, ४५ अंशांत फिरवून ठेवता येतो. कागदाचे चारही कोपरे वर येऊन मध्यावर मिळतात.

कागदाची बाजू = १.४१४ × (तळाची बाजू + उंची) + ३ सेमी

२० × २० × ८ च्या खोक्याला १.४१४ × २८ = ३९.६, अधिक ३, म्हणजे ४३ सेमीचा चौरस. हाच खोका सरळ गुंडाळायला ५९ × ३२ चा तुकडा लागतो. क्षेत्रफळात फार फरक नाही. पदर सोडला तर दोन्हीकडे बरोबर १५६८ चौसेमीच लागतात आणि घडीत इथेही २ × उंचीचा वर्ग एवढाच कागद जातो. फायदा वेगळाच आहे. ४५ × ४५ चा शिल्लक तुकडा सरळ गुंडाळायला निरुपयोगी, घेराला १४ सेमी कमी. तिरका ठेवला तर पुरून उरतो. ३ सेमी मिळवायला विसरू नका. ते नसतील तर चारही टोकं मध्यावर नुसती एकमेकांना भिडतात, कुणाचाच पदर कुणावर चढत नाही आणि एका चिकटपट्टीवर सगळा भार येतो. ३ सेमी असले की प्रत्येक टोक मध्यापलीकडे साधारण २ सेमी जातं.

झाकण वेगळं, किंवा कागद चिकटवायचा असेल तेव्हा

झाकण आणि खोका वेगवेगळे मढवायचे असतील तर एकेक बाजू उघडी असते. पृष्ठफळ = लांबी × रुंदी + २ × (लांबी + रुंदी) × उंची. कापायचं माप सोपं आहे: लांबी + २ × उंची + ४, आणि रुंदी + २ × उंची + ४. यातले ४ सेमी म्हणजे दोन्हीकडे आत वळवायचे २-२. झाकण मूळ खोक्याहून किंचित मोठं असतं, त्याचं माप वेगळं घ्या. ३०.५ × २०.५ × ४ च्या झाकणाला ४२.५ × ३२.५. जाड कागदाने खोका आणि झाकण दोन्ही मढवले तर झाकण घट्ट होतं. आधी कागद दुमडून झाकण बसवून बघा आणि मगच गोंद लावा.

खोक्यावर गोंदाने कागद चिकटवायचा असेल, किंवा रंग द्यायचा असेल, तर मात्र पृष्ठफळाचा आकडा खरोखर कामाचा. चार उभ्या बाजूंना एकच पट्टी लावा, वर-खाली १-१ सेमी वळेल अशी, आणि जोडाला १ सेमी पदर. वरच्या-खालच्या बाजूंचे तुकडे प्रत्येक कडेने २ मिमी लहान कापा, म्हणजे टोकं उचकटत नाहीत. ३० × २० × १० ला पट्टी १०१ × १२ ची आणि दोन तुकडे २९.६ × १९.६ चे. सगळे मिळून सुमारे २३७२ चौसेमी, पृष्ठफळाहून फक्त ८ टक्के जास्त.

कमी पडलाच तर

चिकटवायच्या आधी कागद खोक्याभोवती कोरडाच फिरवून बघा, कमतरता तेव्हाच कळते. घेराला ५ सेमी कमी असतील तर ५ + ४ = ९ सेमी रुंद आणि मूळ तुकड्याएवढीच लांब पट्टी घ्या. ती गुंडाळायच्या आधीच कागदाला मागून जोडा, दोन्हीकडे २-२ सेमी पदर ठेवून. टोकाच्या घड्यांत ती कागदासोबतच दुमडली जाते. गुंडाळून झाल्यावर वरून लावलेली पट्टी टोकांशी तुटक दिसते.

टोकांशी कमी पडला आणि मध्ये पुठ्ठा दिसत असेल तर कागद ओढू नका, कोपरा फाटेल. जिभा जिथवर येतात तिथेच चिकटवा आणि टोकाच्या बाजूच्या मापाचा, प्रत्येक कडेने २ मिमी लहान, असा तुकडा वरून लावा. ३० × २० × १० च्या खोक्यात तो १९.६ × ९.६ चा होतो, आणि दोन्ही टोकांना लावला तर तो ठिगळ न वाटता नक्षीचाच भाग वाटतो.